प्रतिस्पर्ध्याचें दिवाळें आणि आपला लाभ

आपला प्रतिस्पर्धी बुडाला म्हणजे आपण तितके वर आलों, असें मानणें मनुष्याच्या मनास फार सोपें जातें. समोरचें दुकान बंद पडलें म्हणजे आपल्या दुकानीं गिऱ्हाईक वाढेल, शेजारच्या बागेंतला मोहोर करपला म्हणजे आपल्या आंब्यास भाव चढेल, असा हिशेब तोंडानें बोलला नाहीं तरी मनांत चालूच असतो. हा हिशेब खरा आहे काय, आणि खरा असला तरी तो न्यायाचा आहे काय, ह्या प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहों. त्यासाठीं आम्ही उदाहरण घेतों तें फुटबॉलच्या क्लबांचें. वाचकांस तें प्रथमदर्शनीं परकें वाटेल. कारण आमच्या गुहागर तालुक्यांतील मुलें कबड्डी आणि क्रिकेट ह्यांवर जीव टाकतात, फुटबॉलचे मोठे क्लब त्यांनीं पाहिले असले तर पडद्यावरच. परंतु प्रतिस्पर्धी म्हणजे कोण, आणि त्याचें व आपलें नातें काय, हें खेळांत जितकें उघड दिसतें तितकें बाजारांत दिसत नाहीं. म्हणून आम्ही तें निवडलें आहे.

प्रथम क्लब म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. गांवच्या मंडळाचा कबड्डीचा संघ मुलें जमून उभा राहतो. त्यास फार तर एकसारखे सदरे आणि स्पर्धेस जाण्यापुरतें गाडीभाडें लागतें. मोठा फुटबॉल क्लब ह्याहून निराळा. तो खेळाडूंस वेतनावर ठेवतो, प्रशिक्षक आणि वैद्य नेमतो, मैदान भाड्यानें घेतो, देशभर प्रवास करतो. हा खर्च तिकिटें, जाहिराती आणि सामने पडद्यावर दाखविण्याचे हक्क ह्यांच्या उत्पन्नांतून भागावा अशी अपेक्षा असते. आपल्या देशांत तो बहुधा भागत नाहीं, आणि राहिलेली तूट कोणी धनवान मालक किंवा कंपनी पदरमोड करून भरून काढते. असे दहा-बारा क्लब मिळून जी स्पर्धा खेळतात तीस मराठींत साखळी स्पर्धा म्हणतात. हें नांव फार यथार्थ आहे. प्रत्येक क्लब दुसऱ्या प्रत्येकाशीं एकदां आपल्या मैदानावर व एकदां त्याच्या मैदानावर खेळतो. म्हणजे कोणतीही एक कडी तुटली तर तिचा हिसका बाकीच्या सर्व कड्यांस बसतो.

आतां पुण्याची हकीकत पाहा. २००७ सालीं तेथें पुणें एफ. सी. नांवाचा क्लब निघाला. २०१२-१३ च्या हंगामांत तो आय-लीग ह्या राष्ट्रीय साखळींत दुसरा आला. २०१४ सालीं त्याच शहरांत भारत एफ. सी. हा दुसरा क्लब निघाला. आणि त्याच वर्षीं सुरू झालेल्या इंडियन सुपर लीग ह्या नव्या साखळीसाठीं एफ. सी. पुणें सिटी हा तिसरा. १९८७ पासून चालत आलेल्या शिवाजियन्स ह्या चौथ्या क्लबास डीएसके उद्योगसमूहाचें पाठबळ मिळालें, व २०१५-१६ च्या हंगामांत तो आय-लीगमध्यें उतरला. एका शहरांत इतके क्लब पाहून, महाराष्ट्रांत फुटबॉलला चांगले दिवस आले असें कोणासही वाटावें.

परंतु झालें निराळेंच. भारत एफ. सी. एकाच हंगामांत आटोपला. त्याच हंगामानंतर, म्हणजे २०१५ सालीं, पुणें एफ. सी. नेंही राष्ट्रीय साखळी सोडली. डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ च्या हंगामानंतर तेथें दिसला नाहीं. ज्या उद्योगसमूहाचें नांव ह्या क्लबास लागलें होतें, त्याच्याविरुद्ध २०१७ सालीं ठेवीदारांच्या तक्रारींवरून पुण्यांत गुन्हा दाखल झाला. आयुष्यभराची पुंजी ठेव म्हणून ठेवणारे अनेक वृद्ध लोक त्यांत अडकले. त्याच वर्षीं मुंबई एफ. सी. हा मुंबईचा क्लब साखळींत शेवटचा येऊन खालीं उतरला, आणि पुढें तोही बंद झाला. परिणाम असा, कीं २०१७-१८ च्या आय-लीगमध्यें महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता.

प्रतिस्पर्ध्याचा नाश तो आपला लाभ, हें सूत्र खरें मानलें तर त्यानंतर एफ. सी. पुणें सिटी ह्या एकट्या उरलेल्या क्लबाची भरभराट व्हावयास हवी होती. शहर तेंच, मैदान तेंच, आणि वांटेकरी कोणी नाहीं. २०१७-१८ सालीं हा क्लब आपल्या साखळीच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला हें खरें; परंतु २०१९ सालीं पैशाच्या अडचणींनीं तोही बंद पडला. त्याच्या रिकाम्या जागीं त्याच वर्षीं हैदराबाद एफ. सी. आला. २०२२ च्या मार्चांत गोव्यांतील फातोर्डा मैदानावर हैदराबादनें साखळीचें विजेतेपद मिळविलें. आणि दोनच वर्षांत, २०२३-२४ च्या हंगामांत, खेळाडूंचीं वेतनें थकलीं, परदेशी खेळाडू निघून गेले, आणि २२ सामन्यांत १ विजय घेऊन तोच क्लब तळास गेला. मालक बदलले, व २०२५ सालीं क्लब दिल्लीस हलविण्यांत आला. पुण्याची जागा हैदराबादेस गेली, हैदराबादेची दिल्लीस. एकाच्या पडण्यानें दुसऱ्याचा पाया बळकट झाला असें ह्या सर्व हकीकतींत कोठेंही दिसत नाहीं.

असें कां व्हावें? दुकानाचें गिऱ्हाईक आणि क्लबाचा पाठीराखा ह्यांत मोठा भेद आहे. एका दुकानीं मीठ मिळेनासें झालें तर मनुष्य दुसऱ्या दुकानीं जातो. मीठ त्यास हवेंच असतें. परंतु ज्या संघावर त्यानें वर्षानुवर्षें जीव लावला तो संघ गेला, तर तो शेजारच्या संघाच्या दारीं जाऊन उभा राहत नाहीं. तो घरीं बसतो. शिवाय प्रशिक्षक, पंच, सरावाचीं मैदानें, खेळ शिकणारीं मुलें, हें सर्व कोणा एका क्लबाचें नसतें. अनेक क्लब असतात म्हणून एका मुलाचा बाप म्हणतो, येथें नाहीं तर तेथें माझ्या मुलाचें कांहीं होईल. क्लब एकच उरला म्हणजे बाप मुलास म्हणतो, हा खेळ सोड आणि पोटाचें पाहा. आणि एका मालकाचे हात पोळलेले पाहून दुसरा मालक पुढें येण्यास कचरतो.

गोव्यांत तर दिवाळें न वाजतांही हाच अनुभव आला. एके काळीं एकाच हंगामांत आय-लीगमध्यें गोव्याचे चार क्लब असत. राष्ट्रीय विजेतेपद पांच वेळां मिळविणारा धेंपो, दोन वेळां मिळविणारा साळगांवकर, आणि त्यांच्याबरोबरचा स्पोर्टिंग क्लब द गोवा, हे तिघे २०१६ सालीं साखळीच्या नव्या रचनेवर नाराज होऊन बाहेर पडले. पुढच्या हंगामांत त्या साखळींत गोव्याचा चर्चिल ब्रदर्स तेवढा एकटा उरला. गोव्यांत पहिला होण्यासाठीं त्यास आतां कोणाशींही झगडावें लागत नव्हतें. परंतु ज्या सामन्यांसाठीं मडगांवची माणसें आणि वास्कोचीं माणसें हातचें काम टाकून धांवत असत, ते सामनेच नाहींसे झाले. धेंपो २०२४-२५ च्या हंगामांत परत आय-लीगमध्यें आला. मधलीं आठ वर्षें मात्र परत येणार नाहींत.

आमच्याकडे स्पर्धेंत समोरचा संघ आलाच नाहीं तर हजर संघास ‘पुढें चाल’ मिळते. वहींत तो विजय म्हणूनच लिहिला जातो. परंतु पुढें चाल मिळाली म्हणून कोणीं गांवांत पेढे वांटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मुलांनीं सदरे घातलेले असतात, आणि तीं हिरमुसून परत येतात. जिंकूनही त्यांस रितें कां वाटतें? कारण जें मिळविण्यास तीं आलीं होतीं तें दुसऱ्या संघावांचून निर्माणच होत नाहीं. ह्यावरून प्रतिस्पर्धी व शत्रु हे एक नव्हेत हें दिसून येईल. शत्रु नाहींसा झाला तर आपण निर्धास्त होतों. प्रतिस्पर्धी नाहींसा झाला तर आपला उद्योगच अर्धा होतो. तो आपल्या विरुद्ध खेळतो, आणि आपल्या बरोबरही खेळतो.

येथपर्यंत आम्ही लाभाची गोष्ट केली. आतां न्यायाची करूं. कारण केवळ लाभ नाहीं म्हणून जें वाईट ठरतें, तें लाभ दिसूं लागतांच पुन्हां चांगलें ठरतें. प्रतिस्पर्धी बुडाला असतां कोणाचें कोणास देणें लागतें, हा खरा प्रश्न आहे.

त्यांत पहिला दोष बुडणाऱ्याचा आहे, आणि तो झांकून चालणार नाहीं. ऋण काढून सण करणारा मनुष्य आपल्याच घराचें वाईट करतो असें आपण म्हणतों. खेळांत तो दुसऱ्याच्या घराचेंही करतो. समजा, एका क्लबानें आपल्या ऐपतीप्रमाणें खेळाडू ठेवले आणि प्रत्येकास महिन्याच्या महिन्यास वेतन दिलें. दुसऱ्यानें दुप्पट वेतन कबूल करून चांगले खेळाडू आणले, सामना जिंकला, आणि वेतन दिलेंच नाहीं. तर हा दुसरा कशाच्या बळावर जिंकला? खेळाडूंच्या थकलेल्या पैशाच्या बळावर. ज्यानें अंथरूण पाहून पाय पसरले तो हरला. म्हणून न दिलेलें वेतन ही खेळाडूंची फसवणूक आहे, तशीच ती प्रामाणिक प्रतिस्पर्ध्याचीही फसवणूक आहे.

दुसरा दोष उरलेल्यांचा आहे, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. इंग्लंडांतील पोर्टस्मथ क्लबानें २००८ सालीं तेथील मानाचा एफ. ए. चषक जिंकला. २०१० च्या फेब्रुवारींत तोच क्लब कर्जाखालीं दबून कायद्यानें नेमलेल्या प्रशासकाच्या हातीं गेला. तेथील सर्वोच्च साखळींतल्या क्लबावर अशी वेळ प्रथमच आली. साखळीनें त्याचे ९ गुण कापले व तो तळास गेला. तेथें हंगामाच्या अखेरीस खालचे तीन क्लब खालच्या वर्गांत जातात. त्या तीन जागांपैकीं एक पोर्टस्मथनें भरून काढली, आणि कोणा दुसऱ्याचा जीव वांचला. एवढ्यावर हें संपत नाहीं. तेथील नियम असा, कीं बुडालेल्या क्लबानें दुसऱ्या क्लबांचें आणि खेळाडूंचें देणें आधीं पूर्ण फेडावें. बाकीच्या धनकोंनीं उरेल त्यांत समाधान मानावें. ह्या बाकीच्यांत सेंट जॉन अँब्युलन्स ही धर्मार्थ संस्था होती. तिचे स्वयंसेवक सामन्यांच्या वेळीं जखमी व मूर्च्छित प्रेक्षकांची शुश्रूषा करीत. तिचें देणें होतें सुमारें २,७०० पौंड. ठरलेल्या तडजोडींत अशा धनकोंस पौंडामागें २० पेन्स कबूल झाले. म्हणजे रुपयामागें वीस पैसे. ज्या खेळाडूंचें वेतन लाखांनीं मोजावें त्यांचें पूर्ण देणें, आणि मूर्च्छिताच्या तोंडावर पाणी मारणाऱ्यास पांचवा हिस्सा!

ह्या नियमाच्या बाजूनेंही कांहीं म्हणतां येतें, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. एका क्लबानें दुसऱ्याचे पैसे बुडविले तर दुसरा तिसऱ्याचे बुडवील, आणि सारी साखळी एकदम कोसळेल. ती कोसळूं नये म्हणून हा बंधारा घातलेला आहे. सरकारच्या करखात्यानें ह्या नियमाविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां २०१२ सालीं न्यायालयानें नियम कायद्यांत बसतो असें ठरविलें. परंतु कायद्यांत बसतें तें सर्व न्यायांत बसतेंच असें नाहीं. ज्या बंधाऱ्यानें मोठ्यांचीं शेतें वांचतात आणि पुराचें पाणी गरिबाच्या झोंपडींत शिरतें, तो बंधारा बांधणाऱ्यानें पुन्हां एकदां विचार केला पाहिजे.

आतां कोणी म्हणेल, “तुम्ही तर सर्वांस वांचवा म्हणतां. उधळ्यास पडूं दिलें नाहीं तर काटकसर कोण करील? आमच्या कष्टाच्या पैशानें आम्हीं त्याचें कर्ज कां फेडावें?” हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही त्यास मान देतों. उधळ्याचें कर्ज शेजाऱ्यानें फेडावें असें आमचें म्हणणें नाहीं. तसें केल्यास काटकसर करणाऱ्यास दोन वेळां दंड होईल, एकदां मैदानांत आणि एकदां तिजोरींत. परंतु पडणारा मालक आणि पडणारा क्लब ह्यांत भेद केला पाहिजे. मालकास त्याच्या कृतीचें फळ मिळूं द्यावें. पण क्लब मालकाचा नसतो. गेटावर तिकीट फाडणाऱ्याचा, मैदानाचें गवत कापणाऱ्याचा, आणि बापाच्या खांद्यावर बसून पहिला सामना पाहिलेल्या मुलाचाही तो असतो. मालकाबरोबर ह्यांसही बुडूं देणें म्हणजे सुक्याबरोबर ओलें जाळणें होय.

ही गोष्ट गुहागरकरांस पुण्याहून किंवा इंग्लंडाहून शिकण्याचें कारण नाहीं. अंजनवेलच्या डोंगरावर उभा राहिलेला दाभोळ वीजप्रकल्प आम्हां सर्वांच्या स्मरणांत आहे. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ सालीं सुरू झाला, आणि २००१ च्या मे महिन्यांत, विजेच्या दरावरून व थकलेल्या बिलांवरून उठलेल्या वादांत, तो बंद पडला. दुसऱ्या टप्प्याचें बांधकामही थांबलें. त्याच वर्षीं २ डिसेंबर रोजीं एन्रॉन ही त्याची अमेरिकन मालक कंपनी दिवाळखोरींत निघाली. मौज अशी, कीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरांत बेसबॉलच्या एका नव्या मैदानासही ह्याच कंपनीचें नांव होतें. २००२ सालीं तेथील क्लबास तें नांव पुसून टाकण्यासाठीं सुमारें २१ लाख डॉलर द्यावे लागले. ह्या प्रकल्पास आमच्या तालुक्यांत अनेकांनीं विरोध केला होता, व त्यांच्या विरोधास सबळ कारणें होतीं. परंतु प्रकल्प थांबला त्या दिवशीं विरोध करणाऱ्याचा व पाठिंबा देणाऱ्याचा असा भेद भुकेनें पाहिला नाहीं. मजुराचें काम गेलें, म्हणजे त्याची खोली रिकामी झाली. खोली रिकामी झाली, म्हणजे वाण्याची उधारी बुडाली. २००५ सालीं सरकारी कंपन्यांनीं मिळून नवी कंपनी उभी केली व २००६ सालीं यंत्रें पुन्हां फिरूं लागलीं. मधल्या वर्षांची मजुरी मात्र कोणासही मिळाली नाहीं.

तर प्रतिस्पर्ध्याचें कर्तव्य काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें तें चार गोष्टींत सांगतां येईल.

पहिली ही, कीं दिवाळें वाजण्यापूर्वींच सर्वांनीं आपापले हिशेब एकमेकांपुढें उघडे ठेवावे. ज्यानें मागच्या हंगामाचीं वेतनें दिलीं नाहींत त्यास पुढच्या हंगामांत नवे खेळाडू आणूं देऊं नये. हा नियम उधळ्यास जाचक वाटेल, परंतु तोच त्याचा खरा मित्र आहे. आणि तो घालून देण्यास प्रतिस्पर्ध्यांइतका अधिकार दुसऱ्या कोणास नाहीं, कारण फसवणूक त्यांचीच होत असते.

दुसरी ही, कीं पडझड झालीच तर लहानांचें देणें आधीं फेडावें. धोबी, गाडीवाला, भाकऱ्या पुरविणारी बाई, ह्यांचा पैसा लाखांच्या हिशेबांत दिसतही नाहीं. त्यांच्या घरीं मात्र तोच सगळा हिशेब असतो.

तिसरी ही, कीं बुडालेल्याच्या घरच्या मुलांस थारा द्यावा. पुणें एफ. सी. बंद झाल्यावर त्याची मुलांस शिकविणारी संस्था एफ. सी. पुणें सिटीनें आपल्याकडे घेतली. पुढें त्या क्लबाचेंही जें व्हावयाचें तें झालें. परंतु तेवढें एक काम प्रतिस्पर्ध्यास शोभेल असें झालें, हें सांगितलेंच पाहिजे.

चौथी ही, कीं गेलेल्यास परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. इंग्लंडांतील बेरी ह्या गांवचा क्लब १८८५ सालचा. दोन वेळां एफ. ए. चषक जिंकलेल्या ह्या क्लबास २०१९ च्या ऑगस्टांत पैशाअभावीं साखळींतून काढून टाकण्यांत आलें. त्या वर्षीं त्याची साखळी २३ क्लबांनींच खेळली, आणि चारांऐवजीं तीनच क्लब खालीं गेले. म्हणजे बेरीच्या मरणानें एकास जीवदान मिळालें. परंतु गांवानें क्लब सोडला नाहीं. पाठीराख्यांनीं धडपडून २०२२ सालीं जुनें मैदान परत मिळविलें, दुभंगलेले गट २०२३ सालीं एक झाले, आणि कितीतरी पायऱ्या खालच्या एका लहान साखळींत बेरीचा संघ पुन्हां उतरला. तेथील लहान लहान क्लबांनीं त्यास प्रतिस्पर्धी म्हणून स्वीकारलें. मालक गेला, गांव राहिलें.

वाचकहो, आपल्यांपैकीं कोणाचा मोठा क्लब नाहीं. परंतु गांवोगांव दोन मंडळें आहेत, दोन बचतगट आहेत, समोरासमोर दोन दुकानें आहेत. तेथें हाच प्रश्न लहान रूपानें रोज उभा राहतो, आणि तेथें त्याचें उत्तर देणें आपल्या हातांत असतें. ह्या वर्षीं वरच्या वाडीचा संघ स्पर्धेस येणार नाहीं असें कानांवर आलें, तर पुढें चाल मिळाली म्हणून वहींत सही करून मोकळें होऊं नये. संध्याकाळीं वाडींत जावें आणि काय अडलें तें विचारावें. उधळपट्टीनें अडलें असेल तर तसें तोंडावर सांगावें, आणि गाडीभाड्यानें अडलें असेल तर आपल्या गाडींत त्यांच्या मुलांस जागा करून द्यावी. मैदानांत पोहोंचल्यावर मग त्यांस खुशाल हरवावें.